तीस वीत

३ मार्च, सोमवार
बेकरीची डिझेलची टाकी तपासली. टाकीवर पाटी : ‘येथे काडी ओढू नये’. पाटीच्या खिळ्यालाच काडेपेटी लटकवलेली. मालक म्हणाला, “अंधारात पाटी दिसायला नको?” अहवालात लिहिले — काडेपेटी काढावी. पाटी राहू द्यावी.

जेवताना नवा नियम सांगितला. पेट घेणाऱ्या द्रवाची टाकी राहत्या घराच्या भिंतीपासून किमान सहा मीटर हवी. बाबांनी मीठ मागितले. आईने विचारले, “भिंत म्हणजे आतून धरायची की बाहेरून?” बाहेरून. “बरं,” म्हणाली. साहेबांनी हा प्रश्न अजून विचारलेला नाही.

७ मार्च, शुक्रवार
कार्यालयात निनावी कार्ड आले. डाव्या हाताने लिहिल्यासारखे अक्षर.

‘रंगवाल्याची थिनरची टाकी त्याच्या घराच्या भिंतीपासून तीस वीत आहे. नियम सहा मीटरचा आहे. साहेबांनी बघावे.’

रंगवाला म्हणजे बाबा. पुढे दुकान, मध्ये घर, मागे परसात पाच हजार लिटरची टाकी. तिच्या सावलीत अभ्यास करून मी ही नोकरी मिळवली. माझ्या यादीत ती एकविसावी आहे. मी क्रमाने जाते. अठरापर्यंत आले होते.

साहेबांना लेखी कळवले की हे माझ्या वडिलांचे प्रकरण आहे, दुसऱ्या कोणाला पाठवावे.
“दुसरं कोण आहे? मी? आधी माझ्या गुडघ्यांना विचार.”
शेवटी ठरले — मोजायचे मी, नंतर एकदा येऊन सही करायची त्यांनी.

१० मार्च, सोमवार
सकाळी नऊला घरातून निघाले, कार्यालयात हजेरी लावली, दहाला तपासणीसाठी घरी आले.
बाबा दारातच होते. “अगं, इन्स्पेक्टरबाई आल्यात. चहा टाक.”
“तपासणीच्या वेळी आम्ही चहा घेत नाही.”
“संध्याकाळी घरी आल्यावर घ्याल ना?”

स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीपासून टाकी : ५.४० मीटर. खिडकी टाकीसमोरच, पण बंद. ती बंदच असते — आईला वारा सोसत नाही, हे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

साठ सेंटिमीटर कमी. पण हे काहीच नाही. टाकी फुटली तर माल अडावा म्हणून भोवती छोटी भिंत घालून हौद करतात. तो पाच हजार पाचशे लिटर मावेल एवढा आणि नेहमी रिकामा हवा. बाबांच्या हौदात गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. पाण्यात सोनेरी मासे. चौदा.
“पंधरा,” बाबा म्हणाले. “एक लाजतो.”

मासे गेल्या वर्षी आणले, तेव्हा मीही कौतुक केले होते. तेव्हा मी परीक्षेचा अभ्यास करत होते आणि प्रश्न पुस्तकातले सोडवत होते.

“आग लागली तर पाणी शोधत फिरायचं का?” बाबा म्हणाले. “पायथ्याशीच तयार ठेवलंय. लिही तसं. नवीन कल्पना म्हणून लिही.”

लिहिले : पंधरा दिवसांत दोन्ही दोष दूर करावेत, अन्यथा परवाना रद्द. नोटीस हातात दिली, पोच घेतली. त्यांनी सहीखाली लिहिले — ‘मुलीकडून मिळाली’. ते खोडून घेतले.

११ मार्च, मंगळवार
प्रयोग केला. पेल्यात पाणी, वर चमचाभर तेल. सांगितले, थिनर असेच वर तरंगते. वर जळत राहील आणि हौद भरला की पाण्याबरोबर बाहेर वाहत येईल.
बाबांनी पेला उचलून तेलाखालचे पाणी निरखले.
“म्हणजे मासे वाचतील.”

१२ मार्च, बुधवार
बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. समोर बसून आईला सांगतात, “इन्स्पेक्टरबाईंना भात हवाय का विचार.”
आई म्हणते, “हवाय.” मला न विचारता.

१४ मार्च, शुक्रवार
बाबांनी तक्रार करणारा शोधून काढला आहे. शेजारचे शिंपीकाका. पुरावा : गेल्या उन्हाळ्यात ते ‘तुझ्या थिनरने माझ्या गिऱ्हाइकांचं डोकं चढतं’ असे म्हणाले होते. एकोणीस वर्षांचा रोजचा पत्त्यांचा डाव बंद. काका दोन संध्याकाळी पत्ते घेऊन आले, दोन्ही वेळा दुकानाचे शटर अर्धे खाली.

मला पुराव्याशिवाय आरोप चालत नाही. ५.४० भागिले ३० — अठरा सेंटिमीटर. तक्रारदाराची वीत अठरा सेंटिमीटरची आहे. काकांकडे जाऊन म्हटले, जरा हात पसरा.
“मी वितीने मोजत नाही गं पोरी. टेप काय गळ्यात शोभेला घालतो?”
पण पसरला. साडेबावीस. त्यांना तक्रार करायची असती तर त्यांनी ‘चोवीस वीत’ लिहिले असते. खरे तर त्यांनी इंच लिहिले असते.

बाबांना आकडे दाखवले. “हात आखडून मोजलं असेल,” ते आईला म्हणाले.

साहेबांची वीत एकवीस. बेकरीवाल्याची तेवीस. त्याला वाटले मी हात बघते. लग्नाचे विचारत होता.

१६ मार्च, रविवार
बाबांचा नवा तोडगा — टाकी नको हलवायला, भिंतच साठ सेंटिमीटर आत घेऊ.
आई म्हणाली, “घ्या. मी टाकीवर बसून स्वयंपाक करते.”
तोडगा मागे घेतला गेला.

१७ मार्च, सोमवार
गवंडी आखणीला आला. बाबा सहा मीटरवर पाय रोवून उभे. “इथे. एक बोटही पुढे नाही.”
आई चहा घेऊन आली. कप गवंड्याच्या हातात दिला आणि चालत परसाच्या पार टोकाला, पडीक जागेकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.
“इथे करा हौद.”
“अगं, सहाला चालतंय!”
“उचलायचीच आहे ना? उद्या नियम आठचा झाला, मग?”

गवंड्याने माझ्याकडे पाहिले. मी टेप धरला. ११.२० मीटर. या घरात माझ्यासारखा विचार करणारे आणखी कोणी आहे, हे मला ठाऊक नव्हते.

२२ मार्च, शनिवार
टाकी काल रिकामी करून, वाफ जाईपर्यंत उघडी ठेवली होती. आज क्रेनने उचलली. मासे कुठे ठेवायचे हे कोणाच्याच ध्यानात नव्हते. बाबा हातात बादली घेऊन उभे, चेहरा पडलेला. तेवढ्यात कुंपणावरून कापड भिजवायचा मोठा टब — प्लास्टिकचा, निळा — आत आला. मागून शिंपीकाका.
“धुऊन आणलाय. सोड त्यांना.”
दोघांनी मिळून मासे पकडले. पंधरा निघाले. बाबांनी माझ्याकडे पाहिले. अहवालात दुरुस्तीची सोय नाही.

संध्याकाळी पत्त्यांचा आवाज. काका म्हणत होते, “कार्ड मी टाकलं असतं तर खाली नाव लिहिलं असतं, गाढवा.”

२४ मार्च, सोमवार
साहेब आले. गुडघ्यांसकट परसाच्या टोकापर्यंत चालले. हौद रिकामा, अंतर ११.२०. सही झाली. परवाना राहिला. त्यांनी चहा घेतला. तपासणी संपलेली होती.
बाबा थेट मला म्हणाले, “भात घे.”
फाइलमध्ये एकच रकाना उरला आहे — तक्रारदार.

२६ मार्च, बुधवार
शिंपीकाका कुंपणापाशी येऊन विचारत होते, पडदा केवढा शिवू? आई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली, चौकटीवर हात पसरत मोजले. “रुंदीला पाच वीत.”
त्या खिडकीची चौकट नव्वद सेंटिमीटर आहे. मीच मोजली होती.
खिडकी सताड उघडी होती. वारा सरळ आईच्या तोंडावर येत होता.
रकान्यात लिहिले : अज्ञात.