आजोबा दोनदा आले

बफेलो, १९ जून २००६

ती. ल्युडमिलाताईस,
एमिलचा सा. न. वि. वि.

फोन करून उपयोग नाही. तू कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवतेस आणि माझ्या दर वाक्याला ‘हो हो’ म्हणतेस. म्हणून लिहायला बसलो.

आपल्या स्लोव्हाक मंडळाची न्यूयॉर्कची सहल झाली. मी झेंड्याचा टाय लावून गेलो होतो. मंडळातला तो हुडाक बोटीवर सगळ्यांना सांगत सुटला, की याच्या हातात मशाल दिली की यालाच चौथऱ्यावर चढवू. नव्वद वर्षांचा झाला तरी त्याला पोच येणार नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जवळ आला तशी मी टोपी काढली. युराय आजोबांनी १९०७ साली इथंच काढली असेल, असं मनात आलं आणि डोळे भरून आले.

मग एलिस बेटावर गेलो. पूर्वी बोटीनं येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी तिथंच होई, आणि जिन्याच्या वर डॉक्टर उभे राहून कुणाला धाप लागते ते बघत म्हणे. मी दोनदा थांबलो.

तिथं आता संगणकावर नाव घातलं की जुन्या बोटींच्या याद्या निघतात. आजोबांचं नाव घातलं तर दोनदा निघालं. एकदा मार्चमध्ये, एकदा नोव्हेंबरमध्ये, तेच गाव, तेच वय. मार्चमधल्या नावापुढं शेरा होता, कामाचा करार करून आलेला, परत रवाना. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं, की त्या काळी काम आधी ठरवून येणं बेकायदा होतं. काम ठरलंय का, असं विचारलं की ‘नाही’ म्हणायचं. आजोबा ‘हो’ म्हणाले. नोव्हेंबरमध्ये मात्र ‘नाही’ लिहिलं आहे.

ताई, एकतीस वर्षं मी चार जुलैला मंडळाच्या सभागृहात एकच भाषण करतोय. आमचे आजोबा जन्मात खोटं बोलले नाहीत, सरळ उत्तर दिलं आणि या देशानं दार उघडलं. त्याआधीपासून, अठ्ठावीस वर्षं, कॅनडाच्या सरहद्दीवरच्या पुलावर इन्स्पेक्टर म्हणून लोकांना प्रश्न विचारले ते याच आजोबांना डोळ्यांपुढं ठेवून. यंदा मी भाषण करणार नाही.

तुला हे माहीत होतं का? मी ही गोष्ट सांगायला लागलो की तू कोबी बघायला म्हणून स्वयंपाकघरात जायचीस, ते आता आठवतंय. लगेच उत्तर लिही. आहे तशी माया राहू दे.

तुझा,
एमिल

*

क्लीव्हलँड, २४ जून २००६

चि. एमिल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

हो, माहीत होतं. कोबीला मी बघितल्यानं कधी काही झालं नाही.

तुला पुलावरच्या नोकरीचा गणवेश मिळाला, त्याच आठवड्यात आजीनं सांगितलं. आम्ही दोघी करंजीसारख्या पिरोही भरत होतो. आजोबा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पहिल्या वेळी ते त्या अधिकाऱ्यापुढं छाती काढून म्हणाले, की मी कुणाच्या दारात हात पसरणार नाही, मेव्हण्यानं पोलादाच्या कारखान्यात माझी जागा ठरवली आहे. त्यांना वाटलं, साहेब खूश होईल. गावात बिनकामाच्या माणसाला कोण विचारत होतं? दहा दिवस कोंडून ठेवलं आणि ज्या बोटकंपनीनं आणलं तिच्याच बोटीनं परत धाडलं. दुसऱ्या वेळी बोटीवर सारा प्रवास ‘नाही’ म्हणायची तालीम केली. दोन मिनिटांत सुटले.

पण ते त्यांना आयुष्यभर टोचलं, एमिल. म्हणून त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज कधी केला नाही. हात वर करून शपथ घ्यायची, आणि कसे आलात असं विचारलं तर? एकदा खोटं बोललो, शपथेवर बोलणार नाही, असं म्हणायचे. इंग्रजी येत नाही म्हणून राहिलं, असं आपल्याला सांगितलं गेलं. चाळीस साली परक्या देशाच्या लोकांनी पोस्टात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे असा हुकूम निघाला. मी दहा वर्षांची होते. नखांतली काजळी घासघासून काढून, रविवारचा कोट घालून, माझा हात धरून ते गेले. चार जुलैच्या मिरवणुकीला तर ते नेहमी रस्त्यापलीकडं औषधाच्या दुकानाच्या छपराखाली उभे असत. तू बाबांच्या खांद्यावरून हाका मारायचास. ते हात हलवायचे, पण येत नसत.

आजी म्हणाली होती, एमिलला नको सांगूस, बिचाऱ्याचा हात कामावर अडखळेल. मला तेव्हा ते पटलं. आता वाटतं, अडखळला असता तर बरं झालं असतं.

बोलायचं की नाही ते तूच ठरव. मात्र पाठ धरली असं सांगून घरी बसू नकोस. तुला थाप मारता येत नाही, चेहरा बिटासारखा होतो. उन्हात फार हिंडू नकोस.

तुझी,
ताई

*

बफेलो, ५ जुलै २००६

ती. ताईस,
एमिलचा सा. न. वि. वि.

बोललो. मार्च सांगितला, नोव्हेंबर सांगितला, पोस्टातले ठसेही सांगितले.

मग हुडाक उठला. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्यानं शांतपणे विचारलं, की एमिल, त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत तू असतास तर काय केलं असतंस? उत्तर तोंडावरच होतं. मी म्हणालो, परत पाठवलं असतं. मार्चमध्ये खरं बोलले म्हणून आणि नोव्हेंबरमध्ये खोटं पकडलं असतं तर खोटं बोलले म्हणून. हुडाक खाली बसला. मीही खाली उतरलो. यंदा टाळ्या झाल्या नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र तिथं सांगितली नाही, तुलाच लिहितो. एकाहत्तर साली पुलावर एक गवंडी आला होता. शेजारच्या सीटवर त्याची थापी होती, धुऊन पुसून ठेवलेली. कुठं चाललास विचारलं तर सरळ म्हणाला, रॉचेस्टरला काम ठरलंय, सोमवारपासून. कागद नव्हते, मी गाडी वळवायला सांगितली. तो रागावला नाही. काच खाली करून त्यानं मला विचारलं, की साहेब, मी काय म्हणायला हवं होतं?

ताई, मी पुढच्या गाडीला हात केला.

तुझ्या मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
एमिल