चिंतामणी डावीकडं फिरला

उस्मानाबाद, रविवार, फेब्रुवारी १९५८

सुट्टी म्हणून लेकीला, सुमनला, घेऊन तुळजापूरला गेले. देऊळ, मागच्या गल्ल्या, कवड्यांच्या माळांची दुकानं, सगळं निवांत हिंडलो. पोरीचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. उमरग्याचं स्थळ यांना पसंत आहे, उद्या होकार कळवायचा. तिला विचारलं कुणी? मीही नाही.

देवळात ती चिंतामणीपाशी थांबली. त्या गोल दगडावर हात ठेवून लोक कौल मागतात. पुजारी म्हणाले, "उजवीकडं फिरला तर व्हय, डावीकडं तर न्हाय. हात नुसते टेकवा."

मी म्हटलं, "शिकलेली ना तू? दगडाला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू, आई?"

दगड डावीकडं फिरला. दाबून दाबून तिची बोटं पांढरी पडली होती. पुजाऱ्यांना दिसलं नसेल? मला दिसलं.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "झालं दर्शन?" ती पांढरी बोटं डोळ्यांपुढून हलेनात. माझं हे ऐकायचे नाहीत. देवीपुढं मात्र अवाक्षर काढत नाहीत. मी आजवर कधी कौल मानलेला नाही.

"झालं," मी म्हणाले. "उमरग्याला देवीनं नको म्हटलंय. माझ्यादेखत."

आतून येणारा सुमनचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला.