इंग्रजीचं बक्षीस

नाकुरू, ६ जून १९८७

ती. बोसिबोरीताईस, मोमान्यीचा नमस्कार.

आई जाऊन चार महिने झाले. तुझी पत्रं दोन ओळींच्या वर जात नाहीत. काळजी वाटते. तुला सोबत म्हणून केरुबोला तिथे ठेवलं, तर तू शिक्षिका असून माझी पोरगी घरात अजून आपली गुसी भाषाच बोलते म्हणे! अशाने तिचं डोकं कसं चालणार? ऑगस्टपर्यंत इंग्रजी आलं नाही, तर तिला इथल्या वसतिगृहात घालीन.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

मोमान्यी

किसी, ११ जुलै

चि. मोमान्यीस आशीर्वाद.

केरुबोला शाळेचं इंग्रजीचं बक्षीस मिळणार आहे. आमच्याकडे गुसी बोलणाऱ्याच्या गळ्यात लाकडी चकती अडकवतात. पुढचा कुणी सापडेपर्यंत ती उतरत नाही. या सत्रात चकती न पडलेली केरुबो एकटीच.

प्रकृतीला जप.

बोसिबोरी

नाकुरू, १८ जुलै

ती. ताईस नमस्कार.

सगळ्या ऑफिसला चहा पाजला! साहेब म्हणाले, बापावर गेली नाही हे बरं झालं. वसतिगृह रद्द. बक्षीस समारंभात ती काय बोलते, ते सविस्तर लिही.

तुझा आनंदी भाऊ

किसी, २ ऑगस्ट

चि. मोमान्यीस आशीर्वाद.

तुला खरं सांगितलं नव्हतं. आपली आई गेल्यापासून केरुबो शाळेत कुठल्याच भाषेत बोललेली नाही. चकती पडणार कशी? पण ती गेली तर या घरात मी एकटी उरते, म्हणून गप्प बसले.

समारंभात मुख्याध्यापक तिला इंग्रजीत प्रश्न विचारत होते. मागे टेबलावरचा त्यांच्या भाषणाचा कागद बकरी खात होती. केरुबोने गुसीत त्यांना खडसावलं, की मास्तर, माझ्या तोंडाकडे काय बघता, मागे बघा. ते वळले आणि बकरीवर गुसीतच तुटून पडले. मुलं चकती घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी ती खिशात घातली.

केरुबो थेट आपल्या आईसारखी बोलली. मी वर्गात जाऊन दार लावून घेतलं.

आता तू म्हणशील तसं.

बोसिबोरी

नाकुरू, ९ ऑगस्ट

ताई,

केरुबो तुझ्याकडेच राहील. साहेबांचं मी बघतो.

तिचं बोलणं तू फार सभ्य करून लिहिलंस. आई इतकी सभ्य कधी बोलली? खरे शब्द कळव, शिव्यांसकट.

आजवर आपण एकमेकांना इंग्रजीतच लिहीत आलो. आज पहिल्यांदा गुसीत लिहितोय. तीन कागद फाडले. चुका काढत बसू नकोस, उत्तर लिही.

तुझा मोमान्यी