मागं जागा हाय का?

मु. अष्टमी, ता. रोहा
११ नोव्हेंबर २०२४

चि. दिपिका,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर उत्तर दिलं असतं तर तू लगेच चार उलटे प्रश्न टाकले असतेस, म्हणून कागदावर लिहितोय. हसू नको. तुझ्या काकाचं अक्षर अजून वाचता येतं.

इकडे सगळं ठीक. आता तुळशीची लग्नं लागली की स्टुडिओत बसायला फुरसत मिळणार नाय. वहिनीचे गुडघे कसे आहेत? गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला अजून जाते का? तिला म्हणावं, खाली बसून काम करू नको, स्टूल मागून घे. माझं नाव सांगू नको, नायतर मुद्दाम खालीच बसेल.

आता तुझा प्रश्न. तुझ्या मैत्रिणीच्या, मालूच्या हळदीच्या फोटोंची ऑर्डर तुला मिळाली, तुझी पहिली ऑर्डर, वाचून फार बरं वाटलं. फोटोच्या क्लासचे सर म्हणतात प्राइम लेन्स घे, आई म्हणते झूम घेणार असशील तरच हा धंदा कर, नायतर गप घरात बस. आणि तू मध्ये लोंबकळतेयस.

आमच्या वेळी प्राइमला आम्ही फिक्स म्हणायचो. ती एकच नजर असते. माणूस लहान हवा तर तू मागे जा, मोठा हवा तर पुढे जा. पायाला काम. पण उजेड भरपूर घेते, मांडवातल्या पिवळ्या दिव्यातसुद्धा चेहरा मऊ येतो. झूमचं तसं नाय. एका जागी उभं राहायचं, लेन्सचं कडं फिरवायचं, लांबचा माणूस जवळ. आगरी हळदीत अडीचशे माणसं नाचत असताना, बेंजोवाला कानात वाजवत असताना, तू कुठे पुढंमागं करणार?

तेव्हा झूम घे. आईचं ऐक. तिच्या बोलण्याला कारण आहे, ते तुला माहीत आहे.

बाबांची पन्नासची लेन्स माझ्याकडे आहे का, असंही विचारलं होतंस. ती त्या दिवशी चिखलात गेली. जुन्या वस्तूंच्या मागे लागू नको.

वहिनीला नमस्कार सांग, किंवा सांगू नको, तुला वाटेल तसं.

तुझा,
गुणाजीकाका


मु. अष्टमी, ता. रोहा
२१ नोव्हेंबर २०२४

चि. दिपिका,
आशीर्वाद. आज 'अनेक' लिहायला हात धजत नाय.

तुझं पत्र सोमवारी आलं. कागदावर उत्तर पाठवलंस, शहाणी गो माझी. तीन दिवस ते गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. गिऱ्हाईक गेलं की काढतो, वाचतो, परत आत ढकलतो. आज दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय.

तू लिहिलंस, झूम ठरवली, शनिवारी पनवेलला जाऊन आणणार. आई खूश झाली, आणि पहिल्यांदाच बाबांबद्दल तुझ्याशी चार वाक्यं बोलली. म्हणाली, "त्या मेल्या फिक्सनंच खाल्लं त्यांना. नुसतं मागं मागं चालायला लावते ती. झूम असती तर माणूस एका जागी उभा राहिला असता, आज घरात असता." खाली तू आपलं एक वाक्य घातलंस: झूम असली की मागचं बघायला दुसरा माणूस लागत नाय, होय ना काका?

नाय गो, दिपे. नाय.

तू बारा वर्षांची होतीस. तुला सांगितलं ते एवढंच, की बाबा बांधावर फोटो काढताना मागे चालत गेले आणि उघाडीवरून पाय घसरला. पोलिसांना तेच सांगितलं, वहिनीला तेच. सांगणारा मी होतो. तिथे माझ्याशिवाय फक्त ती जोडी होती, निडीचा निकेश आणि त्याची होणारी बायको, आणि त्या दोघांना काही विचारण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. त्यात खोटं काही नाय. पण अर्धंच आहे.

आधी आमची कामाची रीत सांगतो, म्हणजे तुला कळेल. तुझ्या बाबांकडे, जनूदादाकडे पन्नासची फिक्स होती आणि दुसरी लेन्स आमच्याकडे नव्हतीच. नवरा मांडवात यायला निघाला की दादा त्याच्यापुढे उलटा चालायचा, डोळा कॅमेऱ्याला. आणि मी दादाच्या मागे, दोन बोटं त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवून. "चल. चल. पायरी हाय. डावीकडं पोर हाय. बस." दादा एकदाही मागे वळून बघायचा नाय. पेणपासून रोह्यापर्यंतचे फोटोवाले आम्हाला हसायचे, म्हणायचे, बैलजोडी आली. पण सतरा वर्षांत दादा एकदासुद्धा ठेचकाळला नाय.

मग मी झूम घेतली. सत्तर-दोनशे. दादाला न विचारता. मला कंटाळा आला होता गो. लोक फोटो बघून जनूभाऊ जनूभाऊ करायचे आणि मी कोण, तर पट्टा धरणारा. मलाही फोटो काढायचे होते. दादा चिडला. म्हणाला, "आता माझा पट्टा कोन धरल?" मी म्हणालो, "लांबून वरडून सांगीन. तोंड हाय ना मला." त्या वादात पंधरा दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. आणि त्यातच निकेशची प्रीवेडिंगची ऑर्डर आली.

जागा मीच सुचवली. आपल्याच खारातला, खाडीकाठच्या शेतीचा बांध, संध्याकाळचा उजेड, एका बाजूला खाडी. पुढे ती जुनी उघाडी आहे ना, पाणी सोडायची, जिथे बांध तुटून खिंड पडली होती, आणि खाली दगड. तू लहानपणी तिथे खेकडे बघायला जायचीस. ओहोटी होती, दगड उघडे पडले होते. जोडी खिंडीच्या अलीकडे उभी होती. दादा त्यांच्यासमोर, पाठ खिंडीकडे. मी शेतातून वळसा घालून खिंडीच्या पलीकडच्या बांधावर गेलो, म्हणजे समोरून लांबचे फोटो मिळतील. खिंड मला माहीत नव्हती असं नाय. दहा मिनिटांपूर्वी तिलाच वळसा घातला होता.

झूमची एक खोड तुझे सर शिकवतील. लांबून बघताना ती पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटवते. माझ्या कॅमेऱ्यात माझ्या बाजूचं गवत आणि दादाच्या पायाखालचं गवत एकच दिसत होतं, सलग. मधली खिंड नव्हतीच.

दादा मागे सरकायला लागला. जोडी पुरी बसत नव्हती त्याच्या फ्रेममध्ये. डोळा न काढता त्याने हाक मारली, "गुण्या, मागं जागा हाय का?"

मी म्हणालो, "हाय. ये."

कॅमेऱ्यातून डोळा काढला नाय मी. उजेड चालला होता, नवरी छान हसत होती आणि दादाचा खांदा माझ्या फोटोच्या कोपऱ्यात येत होता. मी कडं फिरवलं आणि तो खांदा फ्रेमच्या बाहेर घालवला. बटण दाबून धरलं होतं. कॅमेऱ्याच्या त्या कार्डात ओळीने नऊ फोटो आहेत. चौथ्यापर्यंत दादाचा खांदा आहे. पाचव्यात नाय, सहाव्यात नाय, दोघं नुसती हसतायत. सातव्यात निकेशने हात पुढे केलाय. आठव्यात नवरीचं तोंड उघडं आहे, ती ओरडतेय. मी तोही काढला. नववाही काढला. मग डोळा काढला.

दादाला पेणला नेईपर्यंत तो गाडीत माझ्या मांडीवर होता. एकदाच बोलला. "जागा हाय बोललास ना रं?" रागाने नाय, नुसतं विचारलं. दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं.

तेराव्याला वहिनीने मला विचारलं, "भाऊजी, असं कसं वो झालं? इतकी वर्षं मागं चालत होते." मी म्हणालो, "त्या फिक्समुळं, वहिनी. कितीदा सांगितलं होतं, झूम घे म्हणून." दिपे, हे वाक्य माझं आहे. ते मीच तुझ्या आईच्या तोंडात घातलं. आठ वर्षं होत आली, ती ते बोलतेय, आणि आता त्याच्या जोरावर तू लेन्स घ्यायला निघालीस. मागच्या पत्रात मी त्याला मान डोलावली. लाज वाटते लिहायला. पण मालूच्या हळदीत तू डोळा लेन्सला लावून उभी राहशील आणि तुझ्या मागे कोणी नसेल, हे सोमवारपासून माझ्या डोक्यातून जात नाय.

रोह्याहून निडी, नागोठणे, मग तुमचं कासू. तिसरं स्टेशन. वर्षश्राद्धानंतर मी तिथे उतरलो नाय. तुला वाटलं असेल काका कामात असतो. वहिनीसमोर बसून चहा प्यायची हिंमत नव्हती, दुसरं काय.

दादाची लेन्स माझ्याकडे आहे. चिखलात गेली हे खरं, पण मीच ती काढली, खोलून घेतली, साफ करून घेतली. काचेला एक ओरखडा आहे. कडं फिरवलं की रेती घासल्याचा आवाज येतो, तो काही केल्या जात नाय. फोटो मात्र अजून स्वच्छ काढते. तिने काही केलं नव्हतं.

तेव्हा झूम घे, नायतर प्राइम घे, तुझ्या मनाला येईल ती घे. पण खरं कळल्यावर घे. शनिवारी पनवेलला जाऊ नको, एवढं माझं ऐक. त्याआधी पोचावं म्हणून हे पत्र उद्या पहिल्या गाडीने माणसाच्या हाती पाठवतोय.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नको, मांडीवरचं तर अजिबात नको. तिला काय करायचं ते करू दे, आरडाओरडा, शिव्या, पोलीस. मी कुठे जात नाय. रविवारी सकाळच्या गाडीने कासूला उतरेन. लेन्स आणि ते कार्ड सोबत आणतोय. दारात उभा राहीन, आपणहून आत येणार नाय.

आणि आत घेतलंत, न घेतलंत, तरी मालूच्या हळदीला तुझा पट्टा धरायला मी येतो. नको असेन तर दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांग. पण लांबून ओरडणाऱ्याचं ऐकू नको.

काका म्हणायचं का नाय, ते आता तू ठरव. मी नुसतं नाव लिहितो.

जनूदादाला 'हाय, ये' म्हणालेला,
गुणाजी