अकरा दिवसांचं बक्षीस

आदन, ता. १२ मे १९११

ति. इमामभाई यांस,
धाकट्या कुतुबुद्दीनचा सलाम वि. वि.

आमची आगबोट आज सकाळी आदनला लागली. प्रकृती बरी आहे. मुंबई सोडल्यावर दोन दिवस पोटात ढवळत होतं, पण इथे नोकराला ओकायला रजा नसते. साहेबलोकांचं झालं की मग आपलं.

तुम्ही विचारलं होतं की पगार किती आणि वर काय मिळतं. पगार महिना चौदा रुपये. खरी कमाई बक्षिसाची, आणि त्याची इथे रीत ठरलेली आहे. शेवटचं बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक साहेब आपल्या खोलीच्या नोकराला पाकीट देतो. आपण समोर उभं राहायचं, नजर साहेबाच्या बुटांवर ठेवायची, पाकीट दोन्ही हातांनी घ्यायचं आणि न उघडता बाहेर यायचं. ते तसंच मोठ्या बटलरच्या पेटीत जातं. हा बटलर गोव्याचा, बोटीवर पंचवीस वर्षं काढलेला. तो सगळी पाकिटं एकदम फोडून वाटे घालतो. त्याचे स्वतःचे चार, टेबलावर वाढणाऱ्यांचे दोन-दोन, माझ्यासारख्या कच्च्या माणसाचा अर्धा. पेटीतली गोष्ट बाहेर बोलायची नाही. एखादा साहेब काहीच न देता निघाला तरी हसून त्याचं सामान उचलायचं. मागायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. मागच्या फेरीत रत्नागिरीचा एक जण मेमसाहेबापुढे नुसता खाकरला, तर त्याच्या चाकरीच्या कागदावर शिक्का बसला. आता तो गोदीत पोती वाहतो.

माझी ही तिसरी फेरी. तक्रार न होता मुंबईला परत आलो तर बटलर माझं नाव वहीत कायमचं चढवणार आहे. त्याचा कागद घेऊन मी सरळ शिरोळला जाईन. शहाजादीला माहेरी नेताना सासऱ्यांनी, दिलदारमामांनी, काय बजावलं होतं ते तुमच्यासमोरच झालं. रमजानच्या आत पक्क्या चाकरीचा कागद दाखवून बायको ने, नाहीतर तलाक दे. रमजानला साडेतीन महिने आहेत. मी पोचतो.

चाँदभाभींना सलाम सांगावा. लोभ आहेच, तो समुद्राच्या पाण्याने पातळ होऊ देऊ नये ही विनंती.

आपला,
कुतुबुद्दीन


मंगळवार पेठ, कोल्हापूर, ता. २२ मे १९११

चि. कुतुबुद्दीन यास इमामचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या भाभीला मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबांचं झालं की आपलं, हे ऐकून ती तोंडावर पदर धरून हसली. मीही हसलो. आपल्या घराण्यात तलवार धरणारे झाले, घोडे धरणारे झाले. साहेबाच्या ओकारीखाली भांडं धरणारा तूच पहिला.

तुमची ती रीत वाचून मात्र तुझी कीव आली. बुटांकडे बघून कधी कुणाला काही मिळालंय? मी सरकारी बग्गीखान्यात चौदा वर्षं गाडी हाकतोय. दसऱ्याला पाहुणे उतरायला लागले की मी पायरीवरच आडवा उभा राहतो. पावणं, सणाची पोस्त ऱ्हायली की, असं तोंडावर म्हणतो. हसत हसत देतात. जो देत नाही त्याला परत नेताना मी नेमकी चिखलातून गाडी घालतो, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला आठवण राहते. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि तो साहेब तर तुझा कुणीच नाही.

परवा शिरोळला गेलो होतो. तुझ्या सासऱ्याने भर बाजारात, चार माणसांत विचारलं की जावई अजून दर्यावरच हाय व्हय, साहेबाची भांडी घासतोय म्हणं. मला खाली बघावं लागलं. कोल्हापुरात मी कुणापुढे खाली बघत नाही, ते तुझ्यापायी शिरोळात बघितलं. घरी गेलो तेव्हा शहाजादी दाराआड होती. हडकली आहे. तिने आतून एवढंच विचारलं की बोट परत कधी लागते.

तुला कुठला साहेब मिळाला आहे, काय देतो, ते सविस्तर कळव. लोभ हवा असेल तर आधी मान वर करायला शिक.

तुझा,
इमाम


लंडन, ता. १० जून १९११

ति. इमामभाई यांस,
सलाम वि. वि.

आपलं पत्र काल मिळालं. बोलणी खाल्ली. तुमच्या अक्षरातली बोलणीसुद्धा इथे गोड लागतात.

माझ्याकडे चौदा नंबरची खोली आहे. त्यात एक म्हातारे साहेब होते, पेन्शनीत निघालेले जज्ज. नव्या बादशहाचा राज्याभिषेक बघायला विलायतेला निघाले होते. सुवेझ सोडलं आणि त्यांना हगवण लागली. डॉक्टर दारातूनच नाकाला रुमाल लावून औषध सांगायचा. अकरा दिवस मी त्यांना धुतलं, पुसलं, चमच्याने सातूचं पाणी पाजलं. तापात ते कोल्हापूरच्या गोष्टी सांगायचे. तिथे चित्त्याची शिकार बघायला गेले होते, आणि एका मिशाळ गाडीवानाने दोन रुपये घेतल्याशिवाय खालीच उतरू दिलं नव्हतं म्हणे. भाई, ते तुम्हीच. मी गप्प बसलो, पण तुमचं नाव निघाल्यासारखं वाटून बरं वाटलं.

शेवटच्या संध्याकाळी मी समोर जाऊन उभा राहिलो. साहेबांनी खांद्यावर थोपटलं. पाकीट दिलं नाही. बटलर हसला. वाटा कमी पडला म्हणून बाकीचे नोकर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण पुढचं ऐका. राज्याभिषेक बघून साहेब याच बोटीने परत यायचे आहेत. त्यांनी बटलरला सांगून ठेवलंय की खोलीला हाच माणूस पाहिजे, आणि मुंबईला उतरताना मी याच्यासाठी कंपनीला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिणार. जज्जाची चिठ्ठी म्हणजे माझं नाव चढल्यातच जमा. अकरा दिवसांचं याहून मोठं बक्षीस मला नको.

आम्ही ३० तारखेला निघू. ११ जुलैला पोर्टसैद, १६ ला आदन, २२ ला मुंबई. तोवर हे कुणाकडे बोलू नये. राग आला असेल तर तो माझ्यावरच काढावा आणि लोभ होता तेवढा राहू द्यावा.

आपला,
कुतुबुद्दीन


मंगळवार पेठ, कोल्हापूर, ता. १ जुलै १९११

चि. कुतुबुद्दीन यास अ. उ. आ.

तो लांब नाकाचा जज्ज होय! चांगला आठवतो. दोन रुपये दिले त्याने, तेसुद्धा मी पायरी अडवली म्हणून. अडवली नसती तर तुला जे दिलं तेच मला मिळालं असतं. खांद्यावर थाप आमचे लोक घोड्याला मारतात, आणि घोड्यालासुद्धा वर हरभरा द्यावा लागतो.

तुला जमणार नव्हतं म्हणून मी ते काम केलं. कोर्टाच्या बाहेर अर्ज लिहायला बसतो त्या बाळासोला गाठलं आणि इंग्रजीत झकास अर्ज लिहवून घेतला. माझ्या धाकट्या भावाने हुजुरांचा अकरा दिवस गू काढला, हुजुरांनी फुटकी पै दिली नाही, हे मोठ्या माणसाच्या नावाला शोभत नाही. शिवाय जे काही मिळतं त्यात बटलर चार वाटे खातो. तरी दोन्ही बाबतींत न्याय व्हावा. बाळासो बटलरचं लिहायला कचरत होता, पण मी म्हटलं घाल.

साहेबाचा पत्ता ठाऊक नव्हता. म्हणून अर्ज सरळ बोटीच्या कप्तानाच्या नावे आदनला धाडला आहे. बोटीवर कप्तान म्हणजे राजाच की. आपले महाराज रस्त्यातल्या म्हातारीसाठी गाडी थांबवून अर्ज हातात घेतात, जागच्या जागी निकाल देतात, हे मी लगाम धरून किती वेळा बघितलंय. मग कप्तान काय महाराजांपेक्षा मोठा लागून गेला? थेट मालकाच्या हातात कागद पडला की कामं होतात. तुम्ही लोक बुटांकडे बघत बसता म्हणून अडतं.

आभार मानू नकोस, भाऊच आहेस. लोभ माझ्याकडे पुष्कळ आहे, फक्त तो मला बुटांकडे बघून करता येत नाही.

तुझा,
इमाम


पोर्टसैद, ता. ११ जुलै १९११

ति. इमामभाई व चाँदभाभी यांस,
सलाम वि. वि.

घाईत लिहितो. साहेब खुशीत आहेत. रोज मला कोल्हापूरचं काही ना काही विचारतात. बटलरने काल वही दाखवली, माझ्या नावापुरती ओळ रिकामी ठेवली आहे. मी ती ओळ बोटाने चाचपून बघितली, तर त्याने बोटावर चापट मारली आणि हसला. पंचवीस वर्षांत एकाही साहेबाने नोकर नाव घेऊन मागितला नव्हता, म्हणाला.

इथे बंदरात काचेच्या बांगड्या घेतल्या, हिरव्या, मध्ये सोनेरी रेघ. शहाजादीचं मनगट आता बारीक झालं असेल म्हणून एक माप लहान घेतलं. आता अकरा दिवस राहिले. गंमत बघा, तेही अकराच.

लोभ करायला आता फार दिवस पत्राची गरज पडणार नाही. समक्ष येतोच.

आपला,
कुतुबुद्दीन


मुंबई, ता. २४ जुलै १९११

ति. इमामभाई यांस, सलाम.

तुमचं पत्र मला आदनला मिळालं. त्याच थैलीत कप्तानाच्या नावाचं जाड पाकीट होतं. कोल्हापूरचा छाप लांबूनच दिसला. पुढे पाच दिवस कप्तान काही बोलला नाही. मी रोज त्याच्या दारावरून चहा घेऊन जात होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी वाटायला लागलं की त्याने फाडून टाकलं असेल.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर माझ्या नावाचं पाकीट बघितलं. शेजारी कंपनीला लिहिलेली चिठ्ठी, शाई वाळत घातलेली. संध्याकाळी शेवटचं जेवण होतं. जेवण उरकल्यावर कप्तान उभा राहिला आणि त्याने तुमचा अर्ज मोठ्याने वाचला. मला इंग्रजी तेवढं कळतं. गू काढल्याच्या ठिकाणी बाळासोने काय शब्द घातला होता कोण जाणे, एका मेमसाहेबाच्या नाकातून सरबत आलं. सगळ्यांत जास्त माझे साहेब हसले. वाचून झाल्यावर कप्तानाने तो अर्ज त्यांना आठवण म्हणून भेट दिला.

मग त्यांनी मला पुढे बोलावलं. म्हणाले की न्याय झालाच पाहिजे. अकरा दिवस, तेव्हा अकरा रुपये. एकेक रुपया जमिनीवर टाकू लागले आणि सगळे लोक आकडा म्हणू लागले. मी वाकून उचलत गेलो. नववा घरंगळून त्याच मेमसाहेबाच्या खुर्चीखाली गेला. तिने झगा थोडा बाजूला घेतला, घरात उंदीर फिरताना घेतात तसा. मी रांगत जाऊन तो काढला. दिलेलं बक्षीस नाकारायचं नसतं, ही पण रीतच आहे. अकरावा उचलला तेव्हा टाळ्या झाल्या. मी खोली आवरायला गेलो तर टेबलावर पाकीट नव्हतं आणि चिठ्ठीही नव्हती. त्या पाकिटात काय होतं ते मला आता कधी कळणार नाही.

 ती रिकामी ओळ बटलरने दुसऱ्याच्या नावाने भरली आणि माझ्या कागदावर शिक्का मारला, की हा प्रवाशांकडे मागतो. मी दोन दुसऱ्या बोटींच्या कचेऱ्यांत जाऊन आलो. दोन्हीकडे कागद बघून हसले. अर्जाची गोष्ट माझ्या आधी पोचली होती.

अकरा रुपये मनिऑर्डरने पाठवले आहेत. मागणारे तुम्ही, तेव्हा ते तुमचे. बांगड्यांची पेटी पार्सलने येईल, ती शहाजादीला द्यावी. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही, तुम्हाला सुचेल. मी कोळशाच्या धक्क्यावर हमाली धरली आहे. कोल्हापूरला येणार नाही.

लोभ ठेवावा किंवा न ठेवावा. माझ्यासाठी यापुढे कुणाकडे काही मागू नये, एवढंच मागणं आहे.

कुतुबुद्दीन


मंगळवार पेठ, कोल्हापूर, ता. १२ ऑगस्ट १९११

चि. कुतुबुद्दीन यास अ. उ. आ.

तुला आधीच सांगतो, मनिऑर्डर आली त्या दिवशी मला आनंद झाला. तुझं पत्र सगळं वाचलं, पण उमजलं नाही. अकरा रुपये मिळाले एवढंच डोळ्यांत भरलं. सगळ्या बग्गीखान्यात सांगत सुटलो की बघा, मागितलं तर जज्जाकडूनसुद्धा निघालं. बाळासो तर स्वतःची पोस्त मागायला घरी आला. बोलता बोलता तुझी जागा गेल्याचंही बोलून गेलो. ते शिरोळला पोचायला दोन दिवस लागले नाहीत.

परवा मी स्वतः गेलो. बांगड्यांची पेटी आत दिली आणि ते अकरा रुपये दिलदारमामांपुढे मांडले. म्हटलं, माझा भाऊ नालायक नाही, ही बघा साहेबाची कमाई. म्हातारा रुपये मोजू लागला. तेवढ्यात दाराआडून शहाजादीने विचारलं की भुईवर टाकलेलं समदं उचललं काय त्यांनी. पैसे कसे मिळाले तेसुद्धा मी सगळ्यांना सांगितलं होतं, ते तिच्यापर्यंत गेलं होतं. मला वाटलं तुझी किंमत वाढेल. म्हणून छाती काढून सांगितलं की समदं उचललं, एकबी सोडला न्हाय, खुर्चीखालचासुद्धा रांगत जाऊन आणला.

 मग बांगड्यांची पेटी उंबऱ्याबाहेर सरकली. ती म्हणाली की एक रुपाया जरी तिथंच टाकून आलं असतं, तर चाकरी ऱ्हाऊ दे, मी आत्ता तुमच्यासंगं चालत मुंबई गाठली असती. दिलदारमामांनी रुपये काझीच्या खर्चाला ठेवून घेतले. तलाकचा कागद सोबत पाठवला आहे. सही करून रमजानच्या आत धाड, असा निरोप आहे.

तिला एक गोष्ट सांगायची होती, ती तोंडातून निघाली नाही. तू सात-आठ वर्षांचा असताना सणाच्या दिवशी पाहुणे कधी कधी नाणी खालीच टाकायचे. माझा सरकारी अंगरखा मळू नये म्हणून मी तुलाच गाडीखाली घालायचो. चाकामागचं एखादं राहिलं तर तुझ्या कानाखाली वाजवायचो. तुला रांगत जाऊन उचलायला बोटीवर कुणी शिकवलं नाही, मीच शिकवलं. हे मी त्या दारापुढे उभा राहून सांगितलं असतं तर कदाचित तिने पेटी आत ओढून घेतली असती. मी गप्प राहिलो आणि घरी आलो.

बांगड्या तुझ्या भाभीच्या हातात जात नाहीत. ठेवून दिल्या आहेत.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मघापासून चार वेळा टाक टेकवला. पण तू कुणाकडे काही मागू नका म्हणून लिहिलंस. म्हणून मागत नाही.

इमाम