उपरण्याची दशी

१२ मे, रविवार. नागपूर

"विणकर बंधूभगिनींनो, तुमच्या हातमागाच्या नावावर बाजारात बनावट माल खपतोय!" आज उमरेडच्या सभेत असा गरजलो. आणि माझ्या गळ्यात काय होतं? आयोजकांनी सत्कारात घातलेलं 'हातमागाचं सुती' उपरणं. त्याने घाम पुसत होतो, तर तो नुसता पसरत होता. पुढे बसलेल्या शेवंताबाई हसल्या. त्यांचं आयुष्य मागावर गेलंय.

सभेनंतर म्हणाल्या, "काहून घासून राहिले होते भाऊ? थे पाणी पेत नाही. दशी जाळून पाहा."

घरी आल्या आल्या जाळली. सुताची राख होते, जळक्या कागदासारखा वास येतो. ही दशी वितळली आणि तिचा कडक काळा मणी झाला. पॉलिएस्टर!

कापसाच्या रेणूंच्या साखळीला पाणी धरून ठेवणारे असंख्य हात असतात, पॉलिएस्टरच्या साखळीला ते जवळजवळ नसतातच. म्हणून एक घाम पितं, दुसऱ्यावरून तो ओघळतो. हे मीच व्याख्यानांतून सांगत आलोय. मग गळ्यात पडल्यावर कळलं कसं नाही? की टाळ्यांच्या नादात कळून घ्यायचंच नव्हतं? शिसारी येते. आयोजकांची येतेच, स्वतःची जास्त.

मणी समोर टेबलावर आहे. नखाने फुटत नाही.

उद्या गांधीबागेत त्याच आयोजकांची सभा. पुन्हा उपरणं येईल. मान पुढे करू नकोस. आधी माइकसमोर, सगळ्यांदेखत, त्याची एक दशी जाळ.