नऊ नंबरची जागा

२७ ऑक्टोबर
वही ऑगस्टात घेतली, उघडतेय आज. लिहायला बसलं की मला कुठेतरी निघावंसंच वाटतं. असो. काल या समुद्रकाठच्या कॅराव्हॅन पार्कात, म्हणजे चाकांवरच्या सुट्टीच्या घरांच्या वस्तीत, कामाला लागले आणि जाम खूष आहे. चिप्स इथल्या— नको, ते नंतर. बॉसचं नाव स्टॅम्पर. ट्रॅक्टर येतो का म्हणाला. येतो म्हटलं. म्हणाला, ‘खोटं बोलतेस, पण झोकात बोलतेस,’ आणि किल्ली दिली.

हिवाळ्यासाठी पार्क बंद होतोय. नळांतलं पाणी काढायचं, गाद्या उभ्या करायच्या, पडदे उघडे ठेवायचे. चोराला बाहेरूनच कळावं, आत काही नाही. शिवाय पार्क ज्या कड्यावर आहे तो दरवर्षी दोन-चार पावलं ढासळतो, म्हणून पुढच्या रांगेतल्या कॅराव्हॅन ओढून मागे कुंपणाशी न्यायच्या.

२९ ऑक्टोबर
नऊ नंबरची म्हातारी एनिड काही केल्या हलत नाही. तिचा नवरा विल्फ अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी गळ घेऊन खाली उतरला, समुद्रावरून धुकं आलं, आणि तो परत आलाच नाही. तेव्हापासून धुकं आलं की ती दारात उभी राहून तव्यावर डाव बडवते. आवाजाच्या रोखाने येईल, म्हणते. स्टॅम्पर म्हणतो, ‘अगं, एवढ्या कटकटीला तर तो पळाला असेल!’ तीसुद्धा हसली.

मग मला म्हणाली, ‘पोरी, हलवायचीच झाली तर आधी मला सांग. मी त्या जागी उभी राहीन. त्याला कुणीतरी सांगायला हवं ना.’
मी शब्द दिला.

१ नोव्हेंबर
एनिड हल शहरात बहिणीकडे गेली होती. कड्याला भेग पडलेली. स्टॅम्पर म्हणाला, आत्ताच्या आत्ता. तिला फोन करायला हवा होता. आधी ओढू, मग करू, म्हटलं. मग चहा प्यायले. मग विसरले.
संध्याकाळी ती आली. कुंपणाशी नऊ नंबर बघितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘सांगितलं नाहीस, पोरी,’ एवढंच म्हणाली, पिशवी उचलली आणि परत बहिणीकडे गेली.

२ नोव्हेंबर
पहाटे ती जुनी जागा खाली गेली. अख्खी. स्टॅम्पर म्हणतो, आपण वाचवलं तिला. खरंय. तरी घास उतरत नाही.

४ नोव्हेंबर
दुपारी धुकं. तवा नाही. कड्याच्या पलीकडून, जिथे आता नुसती हवा आहे तिथून, एक पुरुष बोलला. अगदी सावकाश. विचारत होता, तवा का थांबला, एनिड?
खाली वाळूवर कुणी असेल.
आवाज खालून नव्हता. समोरून होता. दाराच्या उंचीवरून.

५ नोव्हेंबर
पुन्हा. मी ओरडून सांगितलं— ती इथे नाही, चूक माझी आहे.  तो रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं ऐकवत नाही.
स्टॅम्परला काही ऐकू येत नाही म्हणे. पण रेडिओ मोठा लावून बसलाय—

६ नोव्हेंबर
दाट धुकं. नऊ नंबरमध्ये नळांतलं पाणी काढायला आलेय, वही सोबत आहे. तो हाका मारतोय. तिने हे कधी ऐकू नये. कधीच—
फाटकाशी टॅक्सी. या धुक्यात कोण—
एनिड. एनिड आलीय.
ऐकलं तिने. हसतेय. इकडे वळत नाहीये, सरळ आवाजाकडे— एनिड, तिकडे जमीन ना